आकडी येते म्हणून काय झाले?

(अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. या आजाराबरोबर नीट कसे जगता येते आणि सोबत्यांनी कशी मदत करावी, हे या पाठात सांगितले आहे.)



ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात शेणवा नावाचे गाव आहे. अशी कल्पना करा, की या गावातला एक तरुण एस.टी.ने शहापूरच्या कॉलेजात निघाला आहे. तुम्ही त्याच्या शेजारी बसला आहात. बोलता बोलता तो एकदम गप्प होतो. त्याची नजर एका जागी खिळते. हातातले पुस्तक खाली पडते. अर्ध्या मिनिटाने तो भानावर येतो आणि विचारतो, "काय झाले?"

तुम्ही काय उत्तर द्याल?

हा अपस्माराचा सौम्य झटका असू शकतो. या आजाराला फेफरे, आकडी किंवा फिट असेही म्हणतात. तुमच्या घरी त्याला मिर्गी म्हणत असतील. मेंदूतील पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. कधी कधी अनेक पेशी एकाच वेळी संदेश पाठवू लागतात. मग काही क्षण भान हरपते, हात थरथरतो, किंवा माणूस खाली पडतो आणि त्याचे अंग आखडते. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. ती भूतबाधाही नाही. हा मेंदूचा आजार आहे, असे ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस, म्हणजेच बुकरात, यांच्या काळातील ग्रंथातही लिहिलेले आहे.

या आजारावर औषधे आहेत. ती नियमित घेतली, तर दहांपैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात. मग अडचण कोठे येते? अडचण येते ती लपवण्यात. तरुण वयात वाटते, मित्र हसतील, नोकरी मिळणार नाही, लग्न जमणार नाही. म्हणून तो तरुण चारचौघांत गोळी घ्यायला लाजतो. एक दिवस गोळी चुकते, मग दुसऱ्या दिवशीही चुकते. परीक्षेसाठी तो रात्रभर जागतो. सकाळी एकटाच विहिरीवर पोहायला जातो. अशा वेळी झटका आला तर? सौम्य झटकाही तेथे जीव घेऊ शकतो.

म्हणून गोळी वेळेवर घ्यावी व पुरेशी झोप घ्यावी. एकट्याने पोहू नये, झाडावर चढू नये. मोटारसायकल चालवू नये. उपवास किंवा रोजे धरायचे असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

एवढे सांभाळले, तर माणूस काय करू शकतो? दक्षिण आफ्रिकेचे क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्स यांना लहानपणापासून सौम्य अपस्मार होता. १९९३ साली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्धच्या एकाच सामन्यात त्यांनी पाच झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूचा एकदिवसीय सामन्यातील तो विश्वविक्रम ठरला. आपला आजार त्यांनी लपवला नाही.

पुण्याच्या यशोदा वाकणकर यांनाही लहानपणापासून हा आजार होता. पुढे मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचे झटके थांबले. पण त्या स्वस्थ बसल्या नाहीत. इतरांसाठी त्यांनी 'संवेदना फाउंडेशन' ही संस्था सुरू केली. तेथे रुग्ण आणि पालक एकत्र येऊन मोकळेपणाने बोलू लागले. रुग्णांची लग्ने जमावीत म्हणून संस्थेने मेळावेही घेतले. कायदाही बदलला. पूर्वी या आजाराच्या कारणावरून विवाह रद्द करता येत असे. १९९९ साली संसदेने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतून ही तरतूद काढून टाकली.

आता तुमचे काम ऐका. कोणाला आकडी आली, तर घाबरू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा. कपडे सैल करा आणि त्याला हळूच एका कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगायला देऊ नका. घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा लगेच दुसरा आला, तर ताबडतोब दवाखान्यात न्या.

आणि त्या एस.टी.तल्या मित्राला काय सांगाल? त्याचे पुस्तक उचलून हातात द्या आणि सांगा, "तुला झटका आला होता. आता तू ठीक आहेस. मी येथेच आहे." एवढे ऐकल्यावर कदाचित उद्या तो गोळी लपवून घेणार नाही.

शब्दार्थ
अपस्मार – मिर्गी
झटका – दौरा
सौम्य – हलका
भानावर येणे – होश में आना
कूस – करवट
तरतूद – कायद्यातील कलम

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अपस्मार हा कोणत्या अवयवाचा आजार आहे?
(आ) यशोदा वाकणकर यांनी कोणती संस्था सुरू केली?
२. आकडी आलेल्या माणसाला कशी मदत कराल? पाच वाक्ये लिहा.
३. 'आजार लपवल्याने आजार वाढतो.' तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.