त्या एका फाईलसाठी

अगं, स्क्रीनवर आलेला तो चौकोन बंद करायची घाई करू नकोस. सॉफ्टवेअर इन्स्टॉल होता होता मध्येच इंग्रजीत काहीतरी येतं, खाली 'ओके' असतं, आपण ते दाबून मोकळ्या होतो आणि मग विचारलं की सांगतो, "काहीतरी एरर आला होता." त्यात नेमकं लिहिलेलं असतं गं. फाईलचं नाव असतं, कधी एखादा आकडा असतो. मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेव. पुढचं सगळं त्या एका ओळीवर ठरतं, आणि ती ओळ हातची गेली की दुरुस्तीवालासुद्धा अंदाजानेच चालतो.

बाबांचं ते जुनं विंडोज ७ वालं मशीन तू पुन्हा लावलंस आणि त्यावर घरबसल्या टायपिंगची, हिशेबाची कामं घ्यायला लागलीस, याचं मला फार बरं वाटतं. म्हणूनच सांगते, "जुनं झालंय, फेकून दे" असं कुणी म्हणालं तर लगेच मान्य करू नकोस. पुष्कळदा मशीनमध्ये काही बिघडलेलं नसतंच. नव्या सॉफ्टवेअरला जे सामान लागतं, ते त्या मशीनवर कधी आलेलंच नसतं, एवढंच.

हमखास दिसणारी तक्रार म्हणजे 'एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल' किंवा 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल' सापडत नाही. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशी फाईल. आपल्याकडे गावच्या मंडळाची मोठी पातेली असतात ना, कार्य कुणाच्याही घरी असो, पातेली मंडळातूनच येतात, तशी ही व्यवस्था आहे. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की पातेली तुझ्याकडे आहेत. ती नसली की तो अडून बसतो.

आता इथेच बहुतेक जणी फसतात. फाईलचं नाव गूगलवर टाकलं की पहिल्याच पानावर "ही डीएलएल फुकट डाउनलोड करा" म्हणणाऱ्या साइट येतात. तिकडे जाऊ नकोस. त्या फाईलमध्ये कुणी काय घातलंय ते तुला कळणार नाही, आणि फाईल चांगली निघाली तरी ती एकटी येते. तिच्यासोबतच्या बाकीच्या फाईली येत नाहीत, विंडोजच्या नोंदीत ती चढत नाही, पुढे सुरक्षेची दुरुस्ती निघाली तर तिला मिळत नाही. एक आणलीस की प्रोग्रॅम दुसरीचं नाव सांगतो, मग तिसरीचं. ही फाईल मायक्रोसॉफ्टच्या एका संचात असते, नाव 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल'. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतो. अख्खा संच घे.

कुठला संच घ्यायचा ते फाईलच्या नावातला आकडाच सांगतो. १४० असेल तर २०१५ ते २०२२ या सगळ्या वर्षांचा मिळून जो एक संच आहे तो. १२० असेल तर २०१३ चा, ११० म्हणजे २०१२ चा, १०० म्हणजे २०१० चा, ९० म्हणजे २००८ चा. २०१३ पर्यंतचे संच वेगवेगळे आहेत, एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही, म्हणून मशीनवर चार-पाच संच नांदत असले तर "हे एवढे कशाला" म्हणून काढून टाकू नकोस. जागा साफ करायच्या नादात लोक नेमकं हेच उडवतात आणि मग जुने, वर्षानुवर्षं चाललेले प्रोग्रॅम अचानक बंद पडतात.

आणखी एक, हे नीट लक्षात ठेव. मशीन ६४ बिटचं असेल तर संचाचे दोन्ही प्रकार टाक, एक्स८६ आणि एक्स६४. विंडोज ६४ बिटचं असलं तरी प्रोग्रॅम ३२ बिटचा असू शकतो, आणि त्याला ३२ बिटचीच फाईल चालते. फोल्डरांची नावं मात्र उलटी वाटतील अशी आहेत: 'सिस्टम३२' मध्ये ६४ बिटच्या फाईली आणि 'सिसवाऊ६४' मध्ये ३२ बिटच्या. हाताने फाईल आणून कुठेतरी टाकणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. संच स्वतःच्या फाईली स्वतः बरोबर जागी ठेवतो. मशीन कितीचं आहे ते कॉम्प्युटरच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिस्टम टाइप'समोर लिहिलेलं असतं.

तुझ्या विंडोज ७ वर प्रोग्रॅम कदाचित याहून लांबलचक नावाची फाईल मागेल, 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' अशी सुरुवात असलेली. हे सामान विंडोज १० मध्ये मुळातच असतं. विंडोज ७ ला ते वेगळ्या अपडेटने दिलं गेलं, त्याचा नंबर केबी २९९९२२६. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग नावाच्या साइटवर हा नंबर टाकून शोध, आपल्या मशीनप्रमाणे ३२ किंवा ६४ बिटचं घे. पण त्याआधी सर्व्हिस पॅक १ आहे ना ते बघ. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून इंग्रजीत 'विनव्हर' टाइप केलंस की दिसेल. सर्व्हिस पॅक १ हा २०११ मधला आहे, आणि तो नसेल तर हे अपडेट बसतच नाही. २०१९ पासून विंडोज ७ च्या नव्या अपडेटवर शा-२ नावाची नवी डिजिटल सही आली. ती सही ओळखता यावी म्हणून केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ ही दोन लागतात. ज्या मशीनचं अपडेट वर्षानुवर्षं बंद ठेवलं होतं, त्यावर हा क्रम चुकला की प्रत्येक गोष्ट नकार देते आणि आपल्याला वाटतं मशीनच गेलं.

एक चौकोन मात्र निराळा असतो. त्यात 'मिसिंग' नसतं, 'प्रोसीजर एंट्री पॉइंट' सापडला नाही असं असतं आणि पुढे 'कर्नल३२.डीएलएल'चं नाव असतं. याचा अर्थ फाईल जागेवर आहे, पण प्रोग्रॅम जे काम तिच्याकडून मागतोय ते या विंडोजला येतच नाही. तो प्रोग्रॅम बहुधा विंडोज १० किंवा त्यानंतरच्यासाठी लिहिलेला असतो. इथे फाईल बदलायच्या फंदात अजिबात पडू नकोस. कर्नल३२ हा विंडोजचा गाभा आहे, त्याला हात लावलास तर मशीन सुरूच होणार नाही. त्याच सॉफ्टवेअरची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती कोणती होती ते बनवणाऱ्याच्या साइटवर शोध. क्रोमचंच बघ, विंडोज ७ साठी १०९ ही शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ मधली.

आता 'एसएफसी'बद्दल, कारण प्रत्येक जण तेच सांगतो. सिस्टम फाईल चेकर हे साधन विंडोज ९८ पासून आहे आणि चांगलं आहे. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'सीएमडी' टाइप कर, वर जे येईल त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवड. काळ्या खिडकीत एसएफसी, मग एक जागा, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ, सगळं इंग्रजी अक्षरांत, आणि एंटर. वेळ लागतो. जुन्या हार्ड डिस्कवर तर बराच लागतो, मध्येच बंद करू नकोस. पण ते फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाईली तपासतं. विंडोज ७ वर एमएसव्हीसीपी१४० ही विंडोजची स्वतःची फाईल नाही, त्यामुळे एसएफसी "सगळं ठीक आहे" म्हणेल आणि तुझा प्रोग्रॅम तरीही अडेल. दोन्ही आपापल्या जागी खरे असतात. एसएफसी कधी चालवायचं? लाईट गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं, व्हायरस काढला, इन्स्टॉलर वेगवेगळ्या प्रोग्रॅमना वेगवेगळ्या चुका दाखवायला लागला, अशा वेळी.

एसएफसीने "काही फाईली दुरुस्त करता आल्या नाहीत" असं सांगितलं तर ज्या साठ्यातून ते चांगली प्रत काढतं तो साठाच खराब झालाय. विंडोज ८ पासून पुढे त्यासाठी 'डिसम' आहे, रिस्टोअरहेल्थ या आज्ञेने चालतं, नेट लागतं. आधी ते चालवायचं आणि मग पुन्हा एसएफसी. विंडोज ७ ला केबी ९४७८२१ हे वेगळं साधन आहे.

तुझ्या त्या प्रेसवाल्या काकांनी दिलेलं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर, त्याची गोष्ट वेगळी. असे जुने सेटअप कधीकधी म्हणतात, तुमच्या काही सिस्टम फाईली जुन्या आहेत, त्या बदलतो, मशीन रीस्टार्ट करा. तू रीस्टार्ट करतेस, पुन्हा तेच. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा तेच. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये बनवलेल्या प्रोग्रॅमचे सेटअप असे अडकतात. त्यांच्या यादीत पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या फाईली असतात, त्या तो विंडोजच्या फोल्डरात घालायला बघतो आणि विंडोज त्याला घालू देत नाही, आणि ते योग्यच आहे. वरवर "जुनी फाईल" म्हणत असला तरी जुना तोच असतो. टेम्प फोल्डर रिकामं कर, बाकी सगळं बंद कर, सेटअपवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' कर, आणि 'प्रॉपर्टीज'मधल्या 'कंपॅटिबिलिटी'त विंडोज एक्सपी निवडून बघ. एवढ्याने पुष्कळदा सुटतं. नाहीच सुटलं तर बनवणाऱ्यांना फोन करून नवा सेटअप माग. विकत घेतलेलं असेल तर हक्काने माग, संकोच करू नकोस. आणि त्याहून जुनं, १६ बिटचं सेटअप असेल तर ते ६४ बिटच्या विंडोजवर कधीच चालणार नाही, त्यात संध्याकाळ घालवू नकोस.

तारीख बघितलीस का? घड्याळ २००९ दाखवत असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलीय, सीआर२०३२ म्हणून मिळते, स्वस्त असते. तारीख चुकली की साइट आणि सेटअपची प्रमाणपत्रं तपासताना विंडोजचा गोंधळ होतो आणि चूक मात्र भलतीच दिसते.

यातलं काहीही करण्याआधी दोन कामं कर. हिशेबाचा डेटा, लोकांच्या टाइप केलेल्या फाईली, आईबाबांचे फोटो, सगळं पेन ड्राइव्हवर उतरव. आणि रिस्टोअर पॉइंट तयार कर, म्हणजे काही बिनसलं तर कालच्या स्थितीवर परत येता येतं. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल किंवा एसएफसीने दुरुस्त केलेल्या फाईली पुन्हा पुन्हा खराब होत असतील, तर दोष सॉफ्टवेअरचा नाही, डिस्क जातेय. मग इन्स्टॉल वगैरे राहू दे, आधी डेटा वाचव.

आणि दुकानात न्यायची वेळ आलीच, तर माझं हे ऐक. "फॉरमॅट मारावा लागेल" हे पहिलं उत्तर आलं तर विचार, कशासाठी? चौकोनाचा फोटो दाखव, संच टाकून बघितला का ते विचार. चांगला माणूस असेल तो रागावणार नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. फॉरमॅट करायचाच ठरला तर डेटा कुठे उतरवला ते समोर बघून घे. डेस्कटॉपवरच्या फाईली सी ड्राइव्हमध्येच असतात, फॉरमॅटमध्ये त्याच आधी जातात. घरचे खासगी फोटो, आधार-पॅनच्या स्कॅन प्रती, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मशीनवर ठेवून ते दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस. आधी काढ, मग दे. हे कुणावर अविश्वास म्हणून सांगत नाही. तुझ्यासारख्या एकटीने काम करणाऱ्या मुलीने एवढी काळजी घ्यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

उपाय शोधताना स्क्रीनभर लाल पान उघडून "तुमच्या सिस्टम फाईल खराब झाल्यात, या नंबरवर लगेच फोन करा" असं आलं, तर तो फोन लावू नकोस. मायक्रोसॉफ्ट असं पान दाखवून फोन करायला सांगत नाही. एनीडेस्कसारखं काही टाकून अनोळखी माणसाला मशीन चालवायला देऊ नकोस. पैसे गेलेच तर रडत बसू नकोस, लाजू तर मुळीच नकोस, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, जितक्या लवकर कळवशील तितकी रक्कम थांबायची शक्यता जास्त.

विंडोज ७ च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून या मशीनवर टायपिंग कर, छपाईचं काम कर, हिशेब लिही, पण बँकेचं आणि जीएसटीच्या लॉगिनचं काम त्यावर नको. त्यासाठी फोन वापर, नाहीतर माझा लॅपटॉप शनिवार-रविवार घेऊन जा. काम झालं की नेटची वायर काढून ठेवत जा.