टेबलाखालची आगगाडी

खेळण्यातल्या आगगाडीवर अभ्यासलेख कसला, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९४६-४७ साली काढलेल्या 'टेक मॉडेल रेलरोड क्लब'विषयी वाचण्यापूर्वी मलाही तसेच वाटे.

त्या क्लबातील गाड्या खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराच्या. दोन रुळांतील अंतर अवघे १६.५ मिलिमीटर. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. त्यामुळे रुळावर धुळीचा थर बसला, की गाडी जागीच थांबते. सभासदांना रूळ पुसावे लागतात, सांधे तपासावे लागतात.

डोंगर, पूल, स्टेशने पाहुण्यांना दिसतात. खरे काम मात्र टेबलाखाली असते. १९५० नंतरच्या दशकात टेलिफोन एक्सचेंजमधील रिले वापरून तेथे नियंत्रणयंत्रणा उभारलेली होती. ती 'सिग्नल व वीज' उपसमिती सांभाळी. त्यांतील काही जण पुढे संगणकाकडे वळले.

अशा क्लबाची खरी अडचण निराळीच आहे. विद्यार्थी चार वर्षांनी पदवी घेऊन जातो, त्याने जोडलेली तार मात्र मागे राहते. तिला चिठ्ठी बांधली नसेल, नकाशा काढून ठेवला नसेल, तर एका बिघाडासाठी पुढच्याला सारे जंजाळ उसवावे लागते. क्लबाची जुनी इमारत १९९८ साली पाडली गेली. तरी नव्या जागी सभासदांनी पुन्हा रूळ मांडले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. प्रवेशअर्ज कसा भरावा, हे मला पुढच्या वर्गातील एका मित्राने सांगितले. म्हणून त्या चिठ्ठीचे मोल मी जाणतो. आपल्या मंडळांच्या चिटणीसांनीही जाताना एक वही लिहून ठेवावी, एवढेच सुचवितो.