सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

आपल्या भोर-वेल्ह्याच्या भागातील मुलेमुली आता कंपन्यांत कामाला लागू लागली आहेत. कोणी शिरवळला, कोणी खेड-शिवापूरला, कोणी पुण्यात एखाद्या बँकेत किंवा संगणकाच्या कचेरीत. घरातून निघताना आपण त्यांना काय सांगतो? वेळेवर जा, साहेबांचे ऐका आणि कोणाच्या अध्यात-मध्यात पडू नका. पहिले दोन उपदेश ठीकच आहेत. तिसऱ्याविषयी मात्र आम्हाला शंका आहे, आणि प्रस्तुत लेख त्या शंकेपोटीच लिहिला आहे. जेथे शेकडो हातांनी मिळून एक काम होते, तेथे काही वाईट घडले तर ते कोणाचे, हा आमचा प्रश्न आहे.

कायद्यातले उत्तर आपल्या गावातल्या प्रत्येक कर्जदाराला ठाऊक असते. बँकेच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात. कर्ज थकले म्हणजे बँक दोघांकडे निम्मे-निम्मे मागत बसत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि बँक कोणाही एकाकडे पूर्ण रक्कम मागू शकते. बँकेच्या तिजोरीचेही तसेच. तिला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. रोकड कमी भरली तर 'माझी किल्ली एकच होती' असे म्हणून कोणी सुटत नाही. जबाबदारी वाटली गेली तरी प्रत्येकाच्या वाट्याला ती पुरतीच येते. मोठ्या आस्थापनेत मात्र याच्या नेमका उलटा समज हळूहळू रूढ होतो. सह्या जितक्या जास्त, तितका प्रत्येकाच्या डोक्यावरचा भार हलका वाटू लागतो.

पहिले उदाहरण कंपनीचे नाही, सरकारी खात्याचे आहे. परंतु ते वेल्ह्याच्या भागातले असल्यामुळे आपण ते टाळू शकत नाही. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे धरण फोडले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरणाचे काम पुरते झालेले नसतानाच त्यात पावसाळ्याचे पाणी अडवले गेले होते. पाणी सोडण्याच्या मोरीत सळईबंद काँक्रीटऐवजी सळईविना काँक्रीटचे ठोकळे बसवले गेले होते. आदल्या रात्री लष्कराचे जवान खचणाऱ्या बांधावर मातीची पोती रचत होते, आणि शहराला मात्र वेळेवर इशारा मिळाला नाही. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बावडेकरांचे चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच निधन झाले, नंतर न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने ते काम केले. सळई नसल्याचे एकाच माणसाला माहीत होते काय? मोरी बांधणारे, तपासणारे, मोजमाप लिहिणारे, बिल मंजूर करणारे असे कितीतरी जण त्या साखळीत असणार. प्रत्येकाने आपापल्या पुरते काम केले असेलही. पण नदीकाठी राहणाऱ्यांशी आपला संबंध आहे, असे कोणाच्या कामात लिहिलेले नव्हते.

आता कंपन्यांकडे वळू. बँक हीही एक मोठी कंपनीच, आणि तेथले कामकाज आम्हाला रोजच्या सवयीचे असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. बँकेत कोणताही व्यवहार एकाच माणसाच्या हातून पुरा होऊ नये असा नियम असतो. एकाने नोंद घालायची आणि दुसऱ्याने ती तपासून पास करायची. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेचे प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा ही व्यवस्था किती पोकळ होऊ शकते हे साऱ्या देशाला दिसले. प्रथम सांगितलेली रक्कम सुमारे ११,४०० कोटी रुपये होती. पुढे ती १३,००० कोटींच्या वर गेली. हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांना परदेशातून कर्ज मिळावे म्हणून बँकेच्या नावे हमीपत्रे दिली जात होती. ही हमीपत्रे 'स्विफ्ट' नावाच्या संदेशयंत्रणेतून जात. पण ती यंत्रणा बँकेच्या मुख्य खातेवहीला, म्हणजे कोअर बँकिंगला, जोडलेलीच नव्हती. त्यामुळे हमी बाहेर जाई आणि वहीत तिची नोंद नसे. संबंधित उपव्यवस्थापक बदलीचे नियम असूनही २०१० पासून २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच शाखेत राहिले. अटक झालेल्यांत एक खिडकीवरचा कारकूनही होता. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. आमचा मुद्दा निराळा आहे.

इतकी वर्षे त्या शाखेची तपासणी होतच होती. शाखेवर प्रादेशिक कार्यालय होते, लेखापरीक्षक होते, पलीकडे पैसे देणाऱ्या इतर बँकाही होत्या. स्विफ्टचा गैरवापर होऊ शकतो हे ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना कळवले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केले. मग हे थांबले कोठे? जानेवारी २०१८ मध्ये त्या कंपन्यांची माणसे नव्या हमीपत्रासाठी शाखेत आली, तेव्हा शाखेतील अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे शंभर टक्के रक्कम तारण म्हणून मागितली. यापूर्वी आम्हाला अशी रक्कम कधी द्यावी लागली नाही, असे उत्तर आले. म्हणून जुनी नोंद पाहिली, तर ती नव्हतीच. म्हणजे सारे उघड झाले ते एका साध्या नियमाच्या प्रश्नामुळे. तो प्रश्न विचारण्यास कारकुनाचे ज्ञानही पुरेसे होते. त्यानंतर केंद्रीय दक्षता आयोगाने तीन वर्षे एकाच जागी असलेले अधिकारी आणि पाच वर्षे असलेले कारकून यांच्या बदल्या करण्यास सांगितले. बदली झाली की आम्हा कारकुनांच्या घरी मुलांच्या शाळेपासून सगळेच विस्कटते. तरीही या नियमाविरुद्ध बोलायला आमची जीभ रेटत नाही.

दुसरे प्रकरण पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी बँकेचे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असे सांगितले (ही मर्यादा नंतर वाढवली गेली). बँकेने दिलेल्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ते लपवण्यासाठी २१,००० च्या वर खोटी खाती दाखवली गेली होती. एवढी नावे एका माणसाने एका रात्रीत लिहिलेली नसणार. थकबाकी उघड केली तर बँकेची बदनामी होईल, ही भीती वरिष्ठांनी दिलेल्या कारणांत होती. येथे आम्हाला सिगालोवाद सुत्त आठवते. त्यात मालकाची सेवकांप्रत असलेली कर्तव्ये आधी येतात, सेवकांची नंतर; आणि सेवकाच्या कर्तव्यांत मालकाची कीर्ती वाढवणे हेही आहे. पण दिलेले असेल तेवढेच घेणे आणि काम नीट करणे ही कर्तव्ये त्याच यादीत आहेत. कीर्ती राखण्यासाठी खोटी खाती लिहावीत, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. १,००० रुपयांसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या पेन्शनरांना त्या कीर्तीचा काय उपयोग झाला?

कचेरीत गप्प बसणे म्हणजे संमती, असे धरले जाते. भिक्खुसंघातही मौन हीच संमती होती. पण तेथे ठराव सर्वांपुढे तीनदा मांडला जाई, मान्य नसेल त्याने बोलावे असे सांगितले जाई, आणि मगच मौनाला अर्थ येई. संघाच्या सभेचे असे काटेकोर नियम होते याकडे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात लक्ष वेधले होते. आणखी एक प्रथा आम्हाला फार मोलाची वाटते. वर्षावास संपताना पवारणेच्या दिवशी ज्येष्ठ भिक्खूपासून सुरुवात होऊन प्रत्येक जण संघाला विनंती करी की, माझ्या हातून दोष घडल्याचे तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. नुसत्या शंकेलाही तेथे स्थान होते आणि विचारण्याची सुरुवात वरून होती. आमच्या पाहण्यातल्या कचेऱ्यांत वर्षाला एकदा साहेब कर्मचाऱ्याविषयी गोपनीय अहवाल लिहितो. उलट दिशेने कागद कधी जात नाही.

हे सारे वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, बोललो तर नोकरी जाईल. ही भीती खोटी नाही. आपली बरीच मुले कंत्राटावर आहेत. त्यांना काढायला एक फोन पुरतो. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अमलात आणलेला नाही, आणि तो झाला तरी मुख्यत्वे सरकारी सेवकांविषयीच्या तक्रारींसाठी आहे. म्हणून कोणी हुतात्मा व्हावे असे आम्ही सांगणार नाही. पीएमसीच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेकडे गेल्या त्या बँकेतल्याच काही महिला कर्मचारी, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. त्या गटाने गेल्या, हे ध्यानात घ्यावे. आपला पासवर्ड साहेबालाही देऊ नये. न वाचता सही करू नये. घाई असेल तर 'वाचून उद्या देतो' म्हणावे, बहुतेक वेळा कोणी रागावत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या अशा तक्रारींसाठी दक्षता यंत्रणा ठेवणे सक्तीचे केले आहे. ती आपल्या कंपनीत आहे का, तक्रार कोणाकडे जाते, हे रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात विचारून ठेवावे. शंका आली तर ती तोंडी न सांगता दोन ओळींत लिहून द्यावी, शक्य तर दोघा-तिघांनी सही करून, आणि तारखेसह पोच घ्यावी.