लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर

जिमच्या पहिल्या दिवसानंतर अंग दुखणारच, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण त्याच दुखण्याचा एक प्रकार मूत्रपिंडं निकामी करू शकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. मी त्यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोल्हापुरात रंकाळा तलावावर रोज सकाळी चालणारी बाई. पंचेचाळिशी ओलांडलेली; रक्तदाब, साखर ठीक. हाडांसाठी थोडी वजनं उचलावीत, असं ठरवून घराजवळच्या जिममध्ये नाव घातलं. ट्रेनरने पहिल्याच दिवशी स्क्वॅट्स आणि लंजेस करायला लावले. मला धाप लागत नव्हती, त्यामुळे तो वाढवतच गेला. "मॅडम, स्टॅमिना भारी आहे तुमचा, अजून एक सेट होऊन जाऊ दे."

दम आणि स्नायू यांचा हिशेब वेगळा असतो, हे तिथे कुणी पाहिलं नाही. सपाट रस्त्यावर चालून हृदय आणि फुप्फुसं तयार होतात. बैठक मारताना खाली जातो तेव्हा मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि स्नायूंच्या तंतूंना सर्वांत जास्त इजा याच कामात होते. गड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. ज्याचा दम चांगला, त्याला थांबवणारी धाप लागतच नाही आणि सवय नसलेला स्नायू मर्यादेपलीकडे राबत राहतो.

साधं दुखणं 24 ते 72 तासांत कळस गाठतं आणि मग उतरतं. थोडं चालल्या-फिरल्यावर बरंही वाटतं. माझ्या मांड्या सुजून टणक झाल्या होत्या, गुडघे वाकत नव्हते. सासूबाईंनी कोमट तेल लावून दिलं, जाऊबाईंनी दुखण्याची गोळी दिली. दोघींनी मायेनंच केलं. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. पाळीची तारीख जवळ होती, त्यामुळे आधी तिकडेच लक्ष गेलं. बायकांच्या बाबतीत इथे हमखास वेळ जातो.

दवाखान्यात लघवीच्या पट्टीवर रक्त दिसलं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी सापडेनात. डॉक्टर म्हणाले, "ताई, हे रक्त नाही. तुमचे स्नायू फुटून त्यातलं द्रव्य लघवीत उतरतंय." त्या द्रव्याचं नाव मायोग्लोबिन, आणि आजाराचं ऱ्हॅब्डोमायोलिसिस. फुटलेल्या स्नायूतून पोटॅशियमही रक्तात येतं आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या सीपीके या द्रव्याचा आकडा एरवी साधारण 200च्या आत असतो; त्याच्या पाचपट झाला की डॉक्टर या आजाराचा विचार करतात. माझा आकडा दहा हजारांच्या कितीतरी पुढे होता. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या माणसांची मूत्रपिंडं बंद पडत. त्या रुग्णांचं वर्णन बायवॉटर्स आणि बील यांनी 1941 साली केलं. मूत्रपिंडावर होणारा तोच आघात माझ्या बाबतीत व्यायामाने केला होता. भरपूर सलाईन वेळेत मिळालं, डायलिसिसची पाळी आली नाही.

तेव्हा दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि नेमका इथेच घात होतो. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळी मात्र परस्पर बंद करू नका. ताप येऊन गेल्यावर लगेच, किंवा एप्रिल-मेच्या उन्हात पाणी न पिता जोर लावू नका. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी पळणाऱ्या त्या भागातल्या मुलांनी सिकलसेलची तपासणी एकदा करून घ्यावी, कारण वाहकांना अतिश्रमात हा धोका अधिक असतो. त्यांच्यासाठी मला खरोखर काळजी वाटते. ती पोरं दुखणं सांगतच नाहीत.

म्हणून व्यायाम सोडायचा का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांना आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. फक्त सुरुवात आमच्या कोल्हापुरातल्या जाणत्या वस्तादासारखी हवी. नवं पोर तालमीत आलं की तो मोजकेच जोर-बैठका काढायला लावतो आणि हळूहळू वाढवतो. याला शास्त्राचा आधार आहे: एकदा हलका भार पेललेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला अधिक टिकतो. पहिल्या दिवशी खूप शिल्लक ठेवून थांबा. ट्रेनर आग्रह करत असेल तर सरळ नाही म्हणा. पैसे भरले म्हणून संकोच नको. मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांनीही स्वतःला नवखंच समजावं.

आणि लघवी गडद झाली, किंवा मांडी-दंड टणक सुजून हलवता येईनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. आदल्या दिवसांत कोणता व्यायाम किती केला, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे न विचारता सांगा आणि सीपीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासायचं का, ते विचारा. जाताना गाडी स्वतः चालवू नका, कुणाला तरी सोबत घ्या.