घरातील एकांताचा कोपरा



घरांना आशीर्वाद देण्यासाठी घरोघरी जाणे होते, तेव्हा बैठकीच्या खोलीत पाऊल टाकताच नजर वेदीकडे जाते. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, पवित्र मातेचा पुतळा, लाल दिवा, क्रूसामागे खोचलेली झावळ्यांच्या रविवारची झावळी. संध्याकाळी सारे कुटुंब तेथे रोझरीसाठी जमते. ही आपली सुंदर परंपरा आहे व ती जपलीच पाहिजे. पण अशाच एका भेटीत त्या घरच्या माउलीने मला हळूच विचारले, "फादर, रोझरी रोज होते. पण देवाशी एकटीने चार शब्द बोलायचे, तर बसू कुठे? हॉलमध्ये टीव्ही, आतल्या खोलीत मुलांचा अभ्यास, स्वयंपाकघरात सासूबाई. रडायचे झाले तरी मी न्हाणीघरात जाते."

मला पटकन उत्तर सुचले नाही. उलट माझीच मला लाज वाटली. माझ्या खोलीपासून पवित्र साक्रामेंत चार पावलांवर आहे. तरी मोबाइल कानाला लावून त्या दारावरून मी किती वेळा तसाच पुढे गेलो असेन! म्हणून आजचा हा धडा तुमच्याइतकाच माझ्यासाठीही आहे.

१. प्रभू काय शिकवतो?

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतो की, प्रार्थना करायची असेल तेव्हा आतल्या खोलीत जावे, दार लावावे आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोलावे (मत्तय ६:६). येथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ घरातील आतली खोली किंवा कोठीची खोली असा होतो. कावळ्यांना कोठी नसते, असे प्रभू म्हणतो तेथेही (लूक १२:२४) हाच शब्द आला आहे. म्हणजे प्रभूने काही खास सजवलेले प्रार्थनागृह मागितले नाही. जिथे धान्य ठेवतात अशी घरातली साधी, आडबाजूची जागाही त्याला चालते. रस्त्याच्या नाक्यावर लोकांना दिसावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांविषयी बोलल्यानंतर लगेच त्याने हे सांगितले, हेही ध्यानात ठेवावे. आपला कोपरा पाहुण्यांना दाखवण्यासाठी नाही.

स्वतः प्रभू मोठ्या पहाटे उठून निर्जन स्थळी जात असे (मार्क १:३५). संत पेत्र दुपारच्या सुमारास घराच्या धाब्यावर प्रार्थनेला गेला (प्रेषितांची कृत्ये १०:९). दानिएल आपल्या माडीवरच्या खोलीत, यरुशलेमच्या दिशेने उघडणाऱ्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे (दानिएल ६:१०). तिघांच्या जागा वेगळ्या होत्या. पण प्रत्येकाने देवासाठी वेळ काढून एक जागा गाठली होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला 'घरगुती ख्रिस्तसभा' म्हटले. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ तर एक पाऊल पुढे जातो. प्रार्थनेसाठी योग्य जागा निवडणे ही दुय्यम बाब नाही, असे सांगून पवित्र शास्त्र व पवित्र प्रतिमा असलेला एक प्रार्थनेचा कोपरा घरात असावा, असे तो सुचवतो (परिच्छेद २६९१).

२. घरात जागाच नसेल तर?

चौदाव्या शतकातील सिएनाच्या संत कॅथरिनचे उदाहरण पाहा. तिचे वडील कापड रंगवण्याचा व्यवसाय करीत. कुटुंब फार मोठे होते. तिने लग्नाला नकार दिला आणि स्वतःचे केस कापले, तेव्हा घरचे रागावले. त्यांनी तिची स्वतंत्र खोली काढून घेतली आणि दिवसभराचे घरकाम तिच्या अंगावर टाकले. हेतू हा की, तिला एकांतच मिळू नये. कॅथरिनने मग आपल्या अंतःकरणातच एक खोली तयार केली. तिथून तिला कोणी बाहेर काढू शकत नव्हते. घरच्यांना जेवण वाढताना वडिलांच्या जागी ती प्रभू येशूला पाही, आईच्या जागी पवित्र मरियेला आणि भावांच्या जागी प्रेषितांना. पुढे वडिलांचे मन पालटले आणि तिला पुन्हा एक लहानशी खोली मिळाली. तिलाच १९७० साली पोप सहावे पॉल यांनी 'ख्रिस्तसभेची पंडिता' हा मान दिला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. जागा नाही म्हणून प्रार्थना अडत नाही. आणि दुसरी गोष्ट घरातल्या इतरांसाठी: कोणाचा एकांत हिरावून घेणे हा अन्याय आहे, आणि तो मिळवून देणे ही प्रीतीची सेवा आहे.

३. कोपरा कसा तयार करावा?

जागा लहान चालेल, पण ठरलेली असावी. खिडकीजवळची एक खुर्ची, पलंगाची एक बाजू, गॅलरीचे टोक, जिन्याखालची जागा, गच्ची, काहीही. रोज तिथेच बसल्याने शरीराला सवय होते आणि मन लवकर स्थिरावते.

वस्तू थोड्या असाव्यात: बायबल, एक क्रूस, जपमाळ, बसायला पाट किंवा चटई, आणि एक छोटी वही. मेणबत्ती लावायची असेल तर पडद्यापासून दूर ठेवावी व उठताना आठवणीने विझवावी. गुडघे दुखत असतील त्यांनी खुशाल खुर्चीवर बसावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. नुसता उलटा करून ठेवला तर अर्धे लक्ष तिकडेच राहते.

वेळही ठरलेली असावी आणि घरच्यांना ती सांगावी. पहाटे नळाला पाणी येण्याआधी, मुले शाळेला गेल्यावर, किंवा रात्री भांडी आवरल्यावर, जशी ज्याची सोय. लोकलने कामावर जाणाऱ्यांनी सुरुवातीला दहा मिनिटेच ठरवावीत, पण ती मोडू नयेत.

४. तिथे बसून काय करावे?

क्रूसाची खूण करून थोडा वेळ नुसते शांत बसावे. त्यानंतर बाराव्या शतकातील कार्थुशियन मठवासी दुसरे गिगो यांनी मांडलेल्या चार पायऱ्या उपयोगी पडतात. पहिली वाचन: त्या दिवसाचे शुभवर्तमान सावकाश, दोनदा वाचावे. दुसरी मनन: जो शब्द मनाला लागला, त्यापाशी थांबावे. तिसरी प्रार्थना: जे मनात आहे ते देवाला सांगावे, राग, भीती, कर्जाची चिंता, काहीही लपवू नये. चौथी ईश्वरचिंतन: शब्द संपवून नुसते त्याच्या सान्निध्यात राहावे. शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून उठावे.

मन भरकटेल, भरकटले की रागावू नये, परत यावे. झोप आली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

५. उठल्यानंतर

हा कोपरा मिस्साबलिदानाची किंवा कुटुंबाच्या रोझरीची जागा घेत नाही. तो घरापासून पळून जाण्याचा आडोसाही नव्हे. प्रार्थना चालू असताना बाळ रडले किंवा आजारी माणसाने हाक मारली, तर निःशंकपणे उठावे. गरिबांच्या सेवेसाठी प्रार्थनेतून उठणे म्हणजे देवासाठीच देवाला सोडणे होय, असे संत व्हिन्सेंट दी पॉल आपल्या भगिनींना शिकवीत. कोपऱ्यात किती शांत वाटले, यापेक्षा तिथून उठल्यावर आपण सुनेशी, सासूशी, शेजाऱ्याशी कसे बोललो, यावरून आपली प्रार्थना ओळखावी.

त्या माउलीच्या घरी काही महिन्यांनी पुन्हा गेलो. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक स्टूल, त्यावर बायबल व क्रूस, खाली चटई. जागा मुलांनी करून दिली होती. आईची मेणबत्ती पेटलेली असेल तर कोणी हाक मारायची नाही, हा नियम सासूबाईंनी घातला होता. ती म्हणाली, "रडू अजून येते, फादर. पण आता प्रभूसमोर बसून रडते."

चिंतन व चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या घरात मला देवाबरोबर एकटे बसता येईल अशी जागा कोणती? वेळ कोणती?

२. माझ्या घरात कोणाला एकांत मिळत नाही? तो मिळावा म्हणून मी कोणते काम माझ्या अंगावर घेईन?

या आठवड्याचा संकल्प: आज मिस्साहून घरी गेल्यावर सर्वांनी मिळून प्रत्येकाची जागा आणि वेळ ठरवावी. सुरुवात दहा मिनिटांनी करावी. प्रभू तुमच्या घराला आशीर्वाद देवो.