माठ, युरियाची गोणी आणि तू

छोटे,

"पेट्रोलियम इंजिनीअर होऊन पोरगी पंपावर बसणार काय," असं मावशीनं विचारलं म्हणे. हसून घेतलं मी. मग वाटलं, मावशीचं काय चुकलं? गायगावच्या डेपोतून निघालेला टँकर, नाहीतर पंपावरची रांग, इतकंच तर आपल्याला दिसतं.

तू बाबांच्या युरियाच्या गोणीपासून सुरुवात कर. 45 किलोची ती गोणी म्हणजे रूप पालटलेला नैसर्गिक वायूच. समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या वायूवर अलिबागजवळ थळचा खतकारखाना उभा राहिला. आता देशातला वायू पुरत नाही, म्हणून कतारहून तो थंड करून, द्रवरूपात, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जहाजानं आणतात. तिकडं बंदुका रोखल्या गेल्या की वायू महागतो. गोणीचा भाव सरकारनं बांधून ठेवलाय, म्हणून बाबांना तो झटका कळत नाही. तो बसतो तिजोरीला. तेलाचंही तसंच. 2022च्या युक्रेन युद्धाआधी आपण रशियाकडून नावापुरतं तेल घेत होतो, नंतर आयातीतला त्याचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला. हे भूराजकारण वर्गात कुणी नीट शिकवणार नाही. पेपर वाचायची सवय लाव.

आता खरा अभ्यास. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं गं. माठाच्या भिंतीत पाणी मुरतं ना, तसं ते खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. किती मुरलंय, किती दाबाखाली आहे, कुठून वाट देईल, हे वरून ओळखायचं. मुंबई हाय 1974मध्ये 'सागर सम्राट' या रिगनं शोधलं, 1976मध्ये तेल निघू लागलं. आता ते म्हातारं क्षेत्र. तेलाबरोबर पाणीच फार येतं; उरलेलं गोडीगुलाबीनं काढावं लागतं. मला तरी याच कामाचा नाद लागला.

कॉलेजचं म्हणशील तर पुण्यात एमआयटी, बाहेर धनबाद. नागपूरचं एलआयटी घराजवळ, पण तिथला भर शुद्धीकरणावर, विहिरीवर नाही. माझं ऐकशील तर आधी केमिकल किंवा मेकॅनिकल घे, पेट्रोलियम एमटेकला. एप्रिल 2020मध्ये अमेरिकन तेलाचा भाव एक दिवस चक्क शून्याखाली गेला होता. अशा वेळी या एकाच शाखेची पदवी हातात असलेल्यांची भरती सगळ्यात आधी थांबते.

पोरींचं? नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर अग्निशमन महाविद्यालयातल्या पहिल्या विद्यार्थिनी, पुढे ओएनजीसीत गेल्या. वाट आहे. पण मला पहिला कव्हरऑल मिळाला त्यात दोन मी मावले असते. आणि धोका लपवत नाही. 27 जुलै 2005ला जखमी माणसाला उतरवायला आलेलं जहाज मुंबई हाय नॉर्थच्या पाइपला धडकलं, प्लॅटफॉर्म जळाला, 22 जण गेले.

"ताई, हे पाप नाही का?" हा तुझा प्रश्न मला आवडला. थोडं आहे. अकोल्याचा मे महिना आपल्या अंगावर आहे, मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? वायूची गळती तर आणखी वाईट. वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट तापवतो. पण ती गळती शोधणारा, बुजवणाराही आमच्यातलाच. आणि पातूरची लेणी ज्या काळ्या खडकात कोरलीत ना, तसल्याच बेसाल्टमध्ये आइसलँडात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून सोडतात. दोनेक वर्षांत त्यातल्या बहुतेकाचा दगड होतो. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी हाच खडक पार करून तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलंय. तेल संपलं तरी छिद्र पाडणाऱ्याचं काम संपत नाही.

फॉर्म भरण्याआधी फोन कर, चौदा दिवस मी किनाऱ्यावर आहे. आणि हो, हेलिकॉप्टर समुद्रात पडलं तर बाहेर कसं यायचं, हे शिकवायला आम्हाला टाकीत उलटं बुडवतात. ते आईला सांगू नको. मावशीला तर मुळीच नको.

तुझी ताई