शनिवारी लिहिलेले पत्र सोमवारी कसे निघते?

एका कचेरीतील कारकुनाने शनिवारी एक ई-मेल लिहिले असे समजा. निविदेचे हे पत्र सोमवारी सकाळी १० वाजता निघायला हवे; मुदत ११ वाजता संपते. संगणकाला ती वेळ सांगून, संगणक बंद करून कारकून घरी गेला. सोमवारी पत्र वेळेवर निघेल का? उत्तर देण्यापूर्वी संगणक वेळ कशी ओळखतो ते पाहू.

संगणकात क्वार्ट्‌झचा, म्हणजे गारेचा, एक छोटा स्फटिक असतो. त्याला विद्युतदाब दिला की तो ठरावीक गतीने कंप पावतो. घड्याळासाठी वापरला जाणारा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या अशी विचित्र का? ती २ चा १५ वा घात आहे. तिचे १५ वेळा निम्मे करीत गेलो की १ उरतो, म्हणजे सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. निम्मे करण्याचे काम विद्युतमंडले अगदी सहज करतात.

हे ठोके मोजून संगणक तारीख व वेळ ठरवतो. युनिक्स पद्धतीच्या संगणकांत १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून लोटलेले सेकंद मोजतात. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने आपले सकाळचे १० म्हणजे तेथील पहाटेचे साडेचार. अशा रीतीने 'सोमवार, १० वाजता' ही वेळ केवळ एक मोठी संख्या बनते.

आता संगणकाचे काम सोपे झाले. थांबलेली पत्रे तो वेळेच्या क्रमाने लावतो. एस.टी. स्थानकावरील नियंत्रक जसा आधी पुढच्या गाडीकडे पाहतो, तसा तो सर्वांत वरच्या पत्राकडे पाहतो. मात्र, 'आता बरोबर १० वाजले का?' असे विचारून चालत नाही. नेमक्या त्या क्षणी तो दुसऱ्या कामात असला तर पत्र कायमचे राहून जाईल. म्हणून प्रश्न असा असतो : '१० वाजले किंवा वाजून गेले का?' उत्तर 'होय' आले की पत्र निघते.

आता आपल्या कारकुनाकडे वळू. संगणक बंद केला तरी स्फटिकाचे घड्याळ नाण्याएवढ्या बॅटरीवर चालूच राहते. पण ते घड्याळ पाहणारा आज्ञासंच मात्र बंद असतो. घड्याळ जागे, पहारेकरी झोपलेला! सोमवारी साडेअकराला संगणक सुरू करून ई-मेलचा आज्ञासंच उघडला की '१० वाजून गेले का?' याचे उत्तर 'होय' येईल आणि पत्र निघेल. पत्र हरवले नाही, पण मुदत मात्र टळली.

पत्र कोठे थांबले आहे, यावर सारे अवलंबून आहे. ते कचेरीतल्याच संगणकात असेल, तर तो चालू हवा. ते टपाल सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, सोपवलेले असेल तर चिंता नाही. तो रात्रंदिवस चालू असतो. जीमेलने २०१९ साली सुरू केलेली सोय या दुसऱ्या प्रकारची आहे.

करून पाहा : घरातील मोठ्यांच्या मदतीने स्वतःच्याच पत्त्यावर दहा मिनिटांनंतर निघणारे एक पत्र ठेवा आणि लगेच संगणक बंद करा. अर्ध्या तासाने उघडून पत्रावरील वेळ पाहा. ते कोठे थांबले होते हे तुम्हाला सांगता येईल.

विचार करा : एखादे घड्याळ दहा लाख सेकंदांत २० सेकंद मागे पडते. ३० दिवसांत ते किती मागे पडेल? (उत्तर : सुमारे ५२ सेकंद. म्हणूनच संगणक आपली वेळ अधूनमधून इंटरनेटवरील अचूक घड्याळांशी जुळवून घेतात.)